तांबडी खूण

पन्नास-साठ वर्षांपूर्वी घडविलेली एखादी जपानी किंवा जर्मन लेन्स हातात घेऊन तिच्या नळीवर कोरलेला मजकूर सावकाश वाचू लागले, म्हणजे अंतराचे फूट आणि मीटर, छिद्राचे लहानमोठेपण सांगणारे क्रमांक आणि अनंताचा तो आडवा पडलेला आठ, हे सारे ओळखून झाल्यावरही मधल्या मुख्य रेषेच्या किंचित बाजूला एक बारीक तांबडा ठिपका, किंवा तांबड्या रंगातले 'आर' हे अक्षर, असे काहीतरी शिल्लक राहते की ज्याचा उलगडा सहसा होत नाही. जुन्या बाजारातल्या ज्या दुकानदाराकडून मी अशी पहिली लेन्स घेतली, त्याला या ठिपक्याविषयी विचारले तेव्हा त्याने धंद्याची इभ्रत राखीत, "कारखान्यात रंग सांडला असेल, साहेब," असा निकाल दिला आणि तो नखाने खरवडून देण्याचीही तयारी दाखविली. मी त्याचा हात वेळीच धरला. ती खूण म्हणजे लेन्स घडविणाऱ्याने, स्वतःच्या डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या एका प्रकाशासाठी, दप्तरी करून ठेवलेली नोंद होती. आणि मिररलेस कॅमेऱ्यांचे युग उजाडेपर्यंत त्या नोंदीची रुजुवात घालून पाहणारे लोक फार थोडे होते.

हा न दिसणारा प्रकाश म्हणजे अवरक्त प्रकाश. १८०० साली इंग्लंडात विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने लोलकातून पडलेल्या सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात तापमाप्या ठेवून कोणता रंग किती ऊब देतो याची मोजदाद चालविली असता, तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांच्या साक्षीने निव्वळ अंधार होता, तेथील तापमापीचा पारा सर्वांत वर चढलेला त्याला आढळला. या इतिहासामुळे अवरक्त छायाचित्र म्हणजे उष्णतेचे छायाचित्र असा एक समज रूढ झाला आहे आणि तो चुकीचा आहे. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातील एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. आपल्या डोळ्यांचा मुलूख साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा. आणि आपल्या कॅमेऱ्यात येणारा अवरक्त प्रकाश त्या सरहद्दीला अगदी लागून असलेला, ७०० पासून फार तर १००० च्या आसपासचा. मनुष्यदेहाची ऊब ज्या किरणांनी बाहेर पडते त्यांची लांबी १०,००० नॅनोमीटरच्या घरात असते, आणि त्या किरणांना साध्या काचेची लेन्स भिंतीइतकीच अपारदर्शक असते. थोडक्यात, आपण टिपतो तो सूर्याचाच, पदार्थांवरून परतलेला प्रकाश. फक्त निराळ्या भाषेत परतलेला.

या भाषेत झाडांची पाने पांढरीशुभ्र दिसतात, जणू वडावर आणि आंब्यावर हिम पडले आहे. पानातील हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश ग्रहण करते आणि हिरव्याला त्या मानाने सोडून देते, म्हणून पान आपल्याला हिरवे दिसते. परंतु अवरक्तावर हरितद्रव्याचा हुकूम चालत नाही. तो प्रकाश विनाहरकत पानाच्या पोटात शिरतो, आणि तेथे विरळ पेशी व त्यांच्यामधील हवेच्या पोकळ्या यांच्या असंख्य सीमांवर आदळत, वळत, जवळजवळ निम्मा परत बाहेर येतो. खडीसाखरेचा खडा पारदर्शक असतो. तोच कुटून पिठीसाखर केली की पांढरा होतो. पानाच्या पांढरेपणाचे कारण याहून निराळे नाही. पान रोगाने ग्रासले, त्याची आतील रचना ढासळू लागली, की ही परतफेड घटते. १९७० च्या सुमारास केरळातील माडांवर पडलेल्या मुळकुजीच्या रोगाचा माग काढण्यासाठी भारतीय शास्त्रज्ञ पिशारोटी यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेतली ती याच तत्त्वावर, आणि भारतातील दूरसंवेदनाचा प्रारंभ त्या छायाचित्रांपासून सांगण्याचा प्रघात आहे. तेव्हा हौशी मंडळींच्या या छंदाची एक शाखा शेतीच्या दप्तरात पूर्वीच दाखल झालेली आहे, हे ध्यानात ठेवावे.

आकाशाचे उलटे. निळा प्रकाश हवेच्या रेणूंवरून चहूकडे विखुरतो म्हणून आकाश निळे. परंतु हे विखुरणे तरंगलांबीच्या चौथ्या घाताने कमी होत जाते, म्हणजे ४०० नॅनोमीटरच्या प्रकाशापेक्षा ८०० चा प्रकाश सोळा पटींनी कमी विखुरतो. परिणामी निरभ्र आकाश अवरक्तात काळवंडते, त्यावर पांढरे ढग कोरल्यासारखे उठून दिसतात, आणि तळ्याचे पाणी शाईसारखे होते. दूरच्या डोंगरांवरचा निळसर विरळ पडदाही बराचसा नाहीसा होतो. मात्र अवरक्त प्रकाश धुके भेदतो असे जे सांगितले जाते त्यावर विश्वास ठेवून कोणी पहाटे घाटात जाऊन उभे राहू नये. धुक्याचे थेंब या तरंगांच्या मानाने फार मोठे असतात आणि ते या प्रकाशालाही तितकेच अडवितात. पानांच्या या शुभ्रतेला इंग्रजीत 'वुड परिणाम' म्हणतात. ते नाव लाकडावरून आलेले नाही. १९१० साली अशी छायाचित्रे प्रथम प्रसिद्ध करणारे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांच्या आडनावावरून आलेले आहे. याचे भाषांतर करताना 'काष्ठ' शब्दाच्या मोहात पडलेली माणसे मी पाहिली आहेत.

फिल्मच्या काळी हा छंद त्रासाचाच होता. अवरक्त फिल्म अंधारात भरावी लागे, थंड जागी जपावी लागे आणि तिची संवेदनशीलता दर खेपेस अदमासानेच ठरवावी लागे. कोडॅक कंपनीने आपली कृष्णधवल अवरक्त फिल्म २००७ साली बंद केली आणि त्यानंतर काही वर्षांत रंगीत फिल्मही गेली. रिचर्ड मॉसे या आयरिश छायाचित्रकाराने काँगोतील युद्धभूमी गुलाबी रंगात दाखविली ती याच रंगीत फिल्मच्या उरल्यासुरल्या साठ्यावर. परंतु एक दार बंद होत असतानाच दुसरे उघडले होते, आणि तेही कोणी हेतुपुरस्सर उघडलेले नव्हते. डिजिटल कॅमेऱ्यातला सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉनला सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश जात्याच कळतो. हा अधिक प्रकाश चित्रातील रंग बिघडवितो म्हणून उत्पादक सेन्सरच्या पुढ्यात एक काचेचा फिल्टर बसवितात, आणि तो नाक्यावरील शिपायाप्रमाणे ७०० च्या पुढील बहुतेक सर्वांना परत पाठवितो. २००६ साली आलेल्या लायका एम-८ या कॅमेऱ्यात हा शिपाई अंमळ मवाळ निघाला. कृत्रिम धाग्याचे काळे कोट त्यात जांभळट येऊ लागले, आणि लेन्सपुढे लावण्याचे दोन दोन फिल्टर ग्राहकांना विनामूल्य देऊन कंपनीने तो तंटा मिटविला. काळा कोट जांभळा का व्हावा? कारण तो काळा आहे हा केवळ आपल्या डोळ्यांचा अभिप्राय होता. अवरक्ताच्या दृष्टीने तो चांगला उजळ होता. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लेन्सच्या पोटात तिची पुन्हा गाठ पडणार आहे.

ज्यांना कॅमेरा उघडावयाचा नाही त्यांनी लेन्सपुढे ७२० नॅनोमीटरच्या अलीकडील प्रकाश अडविणारा, दिसायला जवळजवळ काळा असा फिल्टर लावावा आणि तिपाईवर कॅमेरा ठेवून भर उन्हातही कित्येक सेकंद वाट पाहावी. त्या शिपायाच्या नजरेतून निसटलेल्या थोड्याशा प्रकाशावर चित्र उमटते, पाने मात्र वाऱ्याने पुसली जातात. दुसरा मार्ग म्हणजे जुना मिररलेस कॅमेरा घेऊन जाणकाराकडून तो आतला फिल्टर काढून घेणे आणि त्याजागी पारदर्शक काच बसविणे. असा 'फुल स्पेक्ट्रम' कॅमेरा दृश्य आणि अवरक्त दोहोंना मोकळा असतो. पुढे जो फिल्टर लावाल तसा तो वागतो, आणि हातात धरूनही उन्हात बिनदिक्कत चित्रे घेता येतात. कॅमेऱ्याची हमी अर्थातच त्या क्षणी संपुष्टात येते. कामगार आतील काच काढताना सेन्सरवर धूळ ठेवून देतो, तीही आपल्याच खाती जमा होते. माझ्या कॅमेऱ्यात उजव्या कोपऱ्यात असा एक कण कायमचा वस्तीला आहे.

परंतु मिररलेसच का? जुन्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यात आपण आरशातून, स्वतःच्या डोळ्याने, म्हणजे दृश्य प्रकाशातच पाहत होतो. काळा फिल्टर लावताच नेत्रिकेत अमावस्या होई, आणि फोकस साधणारी यंत्रणाही दृश्य प्रकाशावरच विसंबलेली असल्याने अवरक्तात तिचा हिशेब चुके. मिररलेसमध्ये आरसाच नाही. सेन्सरला जे दिसते तेच लहानशा पडद्यावर आपल्याला दिसते, अवरक्त असेल तर अवरक्त. आणि त्यातला हवा तो भाग दहापट मोठा करून पाहता येतो. दुसरे कारण निव्वळ मापाचे आहे. आरसा हलण्यासाठी जागा हवी म्हणून पूर्वीच्या कॅमेऱ्यात लेन्सची बैठक फिल्मपासून दूर असे: एम-४२ नावाच्या आट्यांच्या बैठकीचे हे अंतर ४५.४६ मिलिमीटर, निकॉनच्या एफ बैठकीचे ४६.५. सोनीच्या ई बैठकीत तेच १८ मिलिमीटर आहे. तेव्हा एम-४२ च्या लेन्ससाठी मध्ये २७.४६ मिलिमीटरची एक पोकळ धातूची नळी, जिला अॅडॉप्टर म्हणतात, ती घातली की जुनी लेन्स आपल्या पूर्वीच्याच अंतरावर उभी राहते. नळीत काच नाही, तारा नाहीत. त्यामुळे तीत चित्र बिघडविण्याजोगेही काही नाही.

आता त्या तांबड्या खुणेकडे येऊ. आपण ज्याला लेन्स म्हणतो ते एक भिंग नसून पाच, सहा, सात भिंगांचे कुटुंब असते, कारण काच निरनिराळ्या रंगांना निरनिराळ्या प्रमाणात वळविते आणि एका भिंगाचा पक्षपात दुसऱ्याने भरून काढावा लागतो. ही तडजोड दृश्य रंगांपुरती केलेली असते. त्यापलीकडचा अवरक्त प्रकाश काचेत कमी वळतो, म्हणून तो सेन्सरच्या थोडा मागे जाऊन एकत्र येतो, आणि त्याला सेन्सरवर आणण्यासाठी लेन्स थोडी पुढे सरकवावी लागते. जुना ठोकताळा असा की नाभ्यंतराच्या पाव टक्का. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एक-अष्टमांश मिलिमीटर. फिल्मवर काम करणारा छायाचित्रकार प्रथम नुसत्या डोळ्याने फोकस साधी, मुख्य रेषेसमोर अंतराचा जो आकडा आला असेल तो फिरवून तांबड्या खुणेसमोर आणी, मग फिल्टर चढवी आणि कॅमेऱ्याची कळ दाबी. मिररलेसवर हा सारा विधी अनावश्यक झाला आहे. त्याआधीच लेन्स स्वयंचलित झाल्या होत्या, त्यांच्यावरील अंतराची मोजपट्टी प्रथम आखूड झाली, नंतर बहुतेकांवरून नाहीशीच झाली, आणि तिच्याबरोबर ही खूणही गेली.

खूण गेली तरी जुनी लेन्स घेण्याचे कारण राहतेच, आणि ते गतकाळाच्या प्रेमाहून अधिक व्यावहारिक आहे. अवरक्त छायाचित्रणात सर्वांत मोठी तक्रार असते ती 'हॉटस्पॉट'ची: चित्राच्या नेमक्या मध्यावर एक फिकट गोल डाग उमटतो, ओल्या भिंतीवर पोपडा यावा तसा. दृश्य प्रकाशात उत्तम ठरलेल्या, हजारो रुपये मोजून घेतलेल्या लेन्सही येथे एकाएकी फजित होतात. याची कारणे लेन्सच्या पोटात आहेत. नळीच्या आत, भिंगांच्या कडांना, छिद्राच्या पात्यांना जो काळा रंग दिलेला असतो तो दिसायला काळा असतो, एवढेच. लायकाच्या त्या गिऱ्हाइकांच्या कोटाप्रमाणे तोही अवरक्तात पुष्कळदा उजळ निघतो, आणि जो प्रकाश गिळून टाकावयाचा तो इकडून तिकडे टोलवीत राहतो. दुसरे कारण भिंगांवरील लेपाचे. उघड्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो. हे थांबविण्यासाठी त्यावर अतिशय पातळ लेप चढविण्याची युक्ती येना येथील झाइस कारखान्यातील स्माकुला यांनी १९३५ साली साधली. तो लेप एकपदरी होता. १९७० नंतरच्या दशकात अनेकपदरी लेप सर्वत्र रूढ झाले आणि दृश्य प्रकाशातील परावर्तन अर्ध्या टक्क्याच्याही खाली आले. परंतु अनेकपदरी लेपाचा बंदोबस्त जितका कडक तितकाच तो आपल्या हद्दीपुरता असतो. हद्द ओलांडली की त्याचे परावर्तन झपाट्याने वाढते, आणि प्रसंगी उघड्या काचेहूनही अधिक होते. एकपदरी लेप कोठेच फार कर्तबगार नसतो, मात्र उघड्या काचेपेक्षा वाईट तो कोणत्याही तरंगलांबीला होत नाही. जुन्या लेन्समध्ये भिंगेही थोडी. येनाच्या बायोटारवरून रशियात उतरविलेली हेलिओस-४४ सहा भिंगांची आहे. आजची झूम लेन्स पंधरा-वीस भिंगांची असते. जितकी भिंगे कमी तितके प्रकाशाला आपसांत खलबते करण्याचे पृष्ठभागही कमी.

यावरून जुने ते सोने असा निष्कर्ष कोणी काढील तर मी त्याला संमती देणार नाही. फिल्म मंद, निस्तेज असते. सेन्सरचा पृष्ठभाग मात्र चकचकीत, आणि त्यावरून परतलेला प्रकाश लेन्सच्या मागील भिंगावर आदळून पुन्हा सेन्सरवर येतो. असा उलटून येणारा पाहुणा साठ वर्षांपूर्वीच्या रचनाकाराच्या हिशेबी कोठून असणार? म्हणून कित्येक नामांकित जुन्या लेन्सही डाग देतात, कित्येक नव्या देत नाहीत, आणि एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत आतील रंग किंवा लेप बदललेला असल्याने निकाल निराळा लागतो. लेन्सच्या कुळाचा दाखला येथे चालत नाही. तिलाच साक्षीला उभे करावे लागते. दुपारच्या उन्हात कॅमेरा तिपाईवर ठेवून निम्मे आकाश आणि निम्मे गवत घ्यावे, आणि एफ/२ पासून एफ/१६ पर्यंत एकेक पायरी छिद्र लहान करीत सात चित्रे काढावीत. मग संगणकावर त्यांचा कॉन्ट्रास्ट निर्दयपणे वाढवून पाहावे. छिद्र मोठे असताना हा डाग पसरलेला, जवळजवळ अदृश्य असतो. छिद्र लहान करावे तसा तो आटून, घट्ट होऊन मध्यभागी बसतो. कोणत्या पायरीवर तो प्रथम उमटला ती आपल्या वहीत लिहून ठेवावी आणि त्या लेन्सला तिच्यापुढे कधी नेऊ नये.

छिद्र फार लहान न करण्याला दुसरेही एक कारण आहे. प्रकाश अरुंद छिद्रातून जाताना पसरतो, आणि तरंगलांबी जितकी मोठी तितका अधिक पसरतो. हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू एफ/८ ला सेन्सरवर सुमारे ११ मायक्रोमीटरचे वर्तुळ होतो. ८०० नॅनोमीटरच्या अवरक्तात तितकेच वर्तुळ एफ/५.६ लाच होते. दृश्य प्रकाशात एफ/११ ला जी बारीक धार मिळते तिची अपेक्षा अवरक्तात एफ/८ च्या पुढे ठेवू नये, हे बरे. रंगांविषयी मी थोडकेच सांगतो, कारण तो रुचीचा प्रांत आहे: व्हाइट बॅलन्स गवतावरून ठरवावा, चित्र 'रॉ' स्वरूपात घ्यावे, आणि संगणकावर तांबडा व निळा यांची अदलाबदल केली की आकाश निळे आणि झाडे फिकट सोनेरी होतात. गुलाबी झाडांचा मला लवकर कंटाळा आला. कृष्णधवलाचा आलेला नाही. जुन्या कोडॅक फिल्मवरील ती तेजोवलये, ज्यांना पुष्कळ लोक अवरक्ताचाच गुण समजतात, ती वस्तुतः त्या फिल्मला प्रभारोधक थर नव्हता म्हणून पसरत असत. सेन्सरवर ती आपोआप येत नाहीत, आणि जुन्या लेन्सचे छिद्र पूर्ण उघडले असता जी मंद आभा पसरते ती त्यांची थोडीशी आठवण करून देते.

बाजारात अशी लेन्स घेताना बुरशी पाहावी, छिद्राच्या पात्यांवर तेल आहे का ते पाहावे, आणि पिवळेपणाला मात्र भिऊ नये. एके काळी काचेची वक्रीभवनाची शक्ती वाढविण्यासाठी तीत थोरियम हे किरणोत्सारी द्रव्य मिसळीत. ५० मिलिमीटर एफ/१.४ च्या सुपर-टाकुमारची सात भिंगांची आवृत्ती यासाठी प्रसिद्ध आहे. स्वतःच्याच किरणांनी ही काच कालांतराने चहाच्या रंगाची होते. दृश्य छायाचित्रकार ती नाकारतात, किंवा कित्येक दिवस अतिनील दिव्याखाली ठेवून तिचा रंग उतरवितात. तिचा किरणोत्सार इतका क्षीण असतो की नेहमीच्या वापरात भिण्याचे कारण नाही; भिंग घासण्याच्या किंवा फोडण्याच्या फंदात मात्र पडू नये. पिवळी काच अडविते ती निळ्याला, आणि अवरक्ताला त्याची गंधवार्ताही नसते.

अशी एक पिवळी लेन्स त्याच दुकानदाराने, ती खराब आहे असे प्रामाणिकपणे सांगून, निम्म्या किमतीत मला दिली. आश्विनात, पावसाळा नुकताच ओसरून पाने भरलेली आणि आकाश धुतलेले असताना, मी ती घेऊन सिंहगडाच्या पायथ्याशी गेलो. बाजारातील बहुतेक अॅडॉप्टर मापाला केसभर आखूड केलेले असतात, त्यामुळे लेन्सवरील आकड्यांवर फारसा भरवसा ठेवता येत नाही. परंतु साधा दृश्य प्रकाशाचा फिल्टर लावून गडाच्या माथ्यावरील मनोऱ्यावर फोकस साधला, तो अनंताचा आठ मुख्य रेषेवर अचूक उभा राहिला. मग ७२० चा काळा फिल्टर चढविला. पडद्यावर आकाश काळे झाले, झाडे उजळली, आणि मनोरा पुसट झाला. चित्र दहापट मोठे करून मी फोकसचे कडे हळूहळू फिरवीत गेलो, मनोऱ्याच्या तारा पुन्हा सुईसारख्या झाल्या तेव्हा थांबलो, आणि कॅमेरा तसाच ठेवून वाकून लेन्सकडे पाहिले. अनंताचा आठ मुख्य रेषेपासून सरकला होता आणि त्या तांबड्या 'आर'च्या बरोबर समोर येऊन थांबला होता.